मुलांना घेऊन अरण्यात



वसंत ऋतू हा आपल्याकडे जसा व्याख्यानांचा, तसाच मुलांच्या परीक्षा आटोपण्याचा काळ. शेवटचा पेपर झाला की घरोघरी एकच विचार सुरू होतो, यंदा सुट्टीत मुलांना कोठे न्यावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे : आजोळ, कुलदैवत आणि फार तर एखादा समुद्रकिनारा. अलीकडच्या काळात त्यात अरण्याची भर पडली आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा ही नावे आता शहरातल्या लहान मुलांच्याही तोंडी असतात. शिकारीची बंदूक घेऊन रानात जाणाऱ्यांची पिढी गेली आणि पाण्याची बाटली व मुलाचे बोट धरून जाणाऱ्यांची पिढी आली, हा पालट आनंदाचाच आहे.

परंतु अरण्यातून परतलेल्या मुलाला आपण सर्वजण जो पहिला प्रश्न विचारतो, त्याच्याविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे. शेजारी विचारतात, आजी विचारते, शाळेतल्या बाई विचारतात, "काय रे, वाघ दिसला का?" दिसला असेल तर सहल सफळ, नसेल तर पैसे पाण्यात! हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. पण त्याचे परिणाम फार दूरवर, थेट वाघिणीच्या पिलांपर्यंत पोहोचतात, असे आमचे म्हणणे आहे. ते कसे, हे समजण्यासाठी मुलांना घेऊन अरण्यात जाणे म्हणजे नेमके काय, तेथे कोण काय करतो आणि मुलाच्या पदरात काय पडू शकते, हे क्रमाने पाहू. उदाहरणासाठी आपण आपल्याच महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, ताडोबा, डोळ्यांपुढे ठेवू.

'उद्यान' या शब्दाची फसगत

मुलांची पहिली फसगत शब्दापासूनच होते. उद्यान म्हटले की त्यांना घसरगुंडी, झोपाळे आणि भेळेची गाडी आठवते. आणि प्राणी म्हटले की मुंबईची राणीची बाग. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यावर पाटी असते, पाटीवर नाव असते, आणि नावाप्रमाणे प्राणी आत असतो. तिकीट काढले की तो दिसलाच पाहिजे, हा तेथला करार आहे. राष्ट्रीय उद्यानात असा करार कोणीही केलेला नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. राष्ट्रीय उद्यान म्हणजे त्या कायद्याने वन्य जीवांसाठी राखून ठेवलेली भूमी. तेथे यजमान तेच आणि पाहुणे आपण. पाहुण्याने यजमानाला "जरा बाहेर या, आमच्या बाळाला तुम्हांला पाहायचे आहे" असे म्हणावयाचे नसते. एवढी एक गोष्ट मुलाला घरून निघण्यापूर्वी सांगितली, तरी निम्मे काम झाले.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. त्या वेळचे त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर. पुढे १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती त्याहून मोठे असे बफर क्षेत्र आहे. चंद्रपूरहून मोहर्लीचे प्रवेशद्वार तीसेक किलोमीटरवर. 'ताडोबा' हे नाव तारू या देवावरून आले असे सांगतात. हा तारू एका गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, अशी तेथील गोंड लोकांची श्रद्धा. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे.

ही कथा मुलांना अवश्य सांगावी. वाघ म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या अनुभवले, त्यांनी त्याच्याशी झुंजणाऱ्याला देव केले. आणि आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिक-अकोल्याच्या डोंगरांत, वसुबारसेच्या दिवशीच वाघबारस पाळून खुद्द वाघालाच देव मानतात. भय आणि आदर ही दोन्ही या नात्यात आहेत. भोपळ्यात बसून लेकीच्या घरी जाणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतला वाघ आपल्या मुलांना ठाऊक असतोच. त्याच्या शेजारी हाही वाघ ठेवावा.

कोणत्या वयात, कोणत्या ऋतूत

"मूल किती वर्षांचे असावे?" हा प्रश्न आयाबाया नेहमी विचारतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, उद्यानाच्या उघड्या गाडीतून वाटाड्यासह जी फेरी निघते तीत सहा वर्षांखालील मूल घेत नाहीत. आणि वाटाड्याबरोबर पायी जावयाचे असेल तर बारा वर्षांची अट आहे. हे आकडे मनाला येतील तसे ठरवलेले नाहीत. उघड्या गाडीत तीन-चार तास बसणे, उतरू न शकणे, हाक मारावीशी वाटली तरी आवाज आवरणे, ही शिस्त साधारण सहाव्या-सातव्या वर्षी अंगी येऊ लागते. त्याआधीचे मूल रडले तर दोष त्याचा नव्हे. ते त्याचे वयच आहे. पण त्या रडण्याने पुढच्या वळणावरचे चितळांचे कळप उधळतात, आईवडील खजील होतात आणि मुलाच्या मनात अरण्य म्हणजे दटावणी, अशी गाठ बसते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाला जिप्सीत कोंबण्याची घाई करू नये. मुंबईच्या मुलांसाठी बोरिवलीचे उद्यान, पुण्याच्या मुलांसाठी गावाभोवतालच्या टेकड्या, पनवेलजवळचे कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य, ही त्यांची पहिली इयत्ता. तेथे मूल चालू शकते, बसू शकते, वाकून मुंगी पाहू शकते आणि कंटाळले तर परत फिरू शकते.

ऋतूच्या बाबतीत आपली मोठी अडचण अशी की, शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात आणि मुलाला अरण्यात नेण्याचा सर्वांत वाईट महिनाही तोच. मेमध्ये पाने झडलेली, पाणी आटलेले, म्हणून वाघ पाणवठ्यावर दिसण्याचा संभव अधिक, हे खरे. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातो. मोठ्या माणसाला जे ऊन त्रासदायक, ते लहान मुलाला धोक्याचे असते; त्याचे अंग लवकर तापते, आणि तहान लागल्याचे ते वेळेवर सांगतही नाही. आमचे मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी याहून कितीतरी चांगली. पावसाळ्यात बंद असलेले गाभा क्षेत्र नुकतेच उघडलेले असते. गवत उंच असते, त्यामुळे वाघ दिसणे कठीण. पण तळी भरलेली, फुलपाखरे उडत असलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांमध्ये मोठमोठी जाळी ताणून बसलेले कोळी. लहान मुलाला यातले सर्व काही दिसते. मेमध्येच जाणे भाग असेल, तर केवळ सकाळची फेरी घ्यावी, दुपारची घेऊ नये. सुती फडके डोक्याला, मीठसाखरेचे पाणी बरोबर. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट काळजी. पहाटे उघड्या गाडीत वारा इतका बोचतो की, शहरातला स्वेटर पुरत नाही. कानटोपी आणि चादर हवीच.

एका दिवशी एकच फेरी, हा आमचा दुसरा आग्रह. पैसे भरले आहेत म्हणून सकाळ-संध्याकाळ मुलाला गाडीत बसवणे म्हणजे लागोपाठ दोन पंगतींना जेवायला बसवणे होय. फेरी सुटण्यापूर्वी लघवी उरकून घेणे, मुलाला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवणे, अत्तर व भडक कपडे टाळणे, या गोष्टी लहान वाटतात, पण फेरी सुखाची होते ती याच गोष्टींनी. दुर्बीण मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन उपयोग नसतो. ती डोळ्याला लावून लक्ष्य शोधेपर्यंत पक्षी उडून जातो आणि मूल हिरमुसते. त्या वयात उघडा डोळा आणि कान हीच उत्तम साधने.

वाटाड्या काय करतो?

ताडोबात पाहुण्यांच्या प्रत्येक जिप्सीबरोबर वाटाड्या असतो. तेथे सर्वजण त्याला 'गाईड' म्हणतात. हे बहुतेक गाईड आसपासच्या गावांतलेच तरुण. आता त्यांत स्त्रियाही आहेत. मुलांनी त्यांना काका किंवा ताई म्हणावे आणि गाडी सुटण्यापूर्वीच आपले नाव सांगावे. ओळख झालेल्या मुलाला गाईड आपण होऊन गोष्टी दाखवतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

गाईड वाघ 'शोधतो' असे आपण समजतो. वस्तुतः तो बहुतेक वेळ ऐकत असतो. एखाद्या वळणावर तो हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो, आणि सर्वजण गप्प बसतात. मुलांना वाटते, काहीच घडत नाही. याच वेळी त्यांच्या कानात हळूच सांगावे की, आता जंगलातल्या तारा वाजणार आहेत. वाघ किंवा बिबळ्या चालू लागला की, त्याची वार्ता इतर प्राणी एकमेकांना देतात. वानर उंच झाडावर असते; त्याला दुरून दिसते आणि ते खोकल्यासारखा घोगरा आवाज काढते. चितळ जमिनीवर असते. त्याचे नाक आणि कान तीक्ष्ण. ते तीव्र, शिटीसारखी हाक देते. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. आणि सांबर, अंगाने मोठे व स्वभावाने गंभीर, एखादाच ठोक्यासारखा दणदणीत आवाज देते. चितळ पुष्कळदा नुसत्या संशयानेही ओरडते. सांबर सहसा उगीच ओरडत नाही. म्हणून सांबराची हाक आली की गाईडचा चेहरा बदलतो.

वानर आणि चितळ यांची मैत्री हा तर मुलांना तासभर पुरेल असा विषय. वानरे झाडावर बसून पाने-फळे खातात आणि निम्मी खाली टाकतात. चितळांचा कळप त्या झाडाखाली जमतो व आयता चारा खातो. वरच्याचे डोळे खालच्याला उपयोगी, खालच्याचे नाक वरच्याला. कोणी कोणावर उपकार करीत नाही, आणि तरी दोघांचेही भागते.

येथे मुले हमखास एक शंका काढतात. वाघ इतका केशरी, मग हरणांना तो दिसत कसा नाही? शंका रास्त आहे. उत्तर असे की, आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. तांबडा आणि हिरवा यांतला भेद त्यांना कळत नाही. आपल्याला केशरी दिसणारा वाघ त्यांना गवताच्याच रंगाचा दिसतो. उरले काळे पट्टे, ते गवताच्या सावलीत मिसळतात. हे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यांवरूनच, रानात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे जुळवून, आज वाघांची गणना होते. २००६ च्या गणनेत भारतात सुमारे १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला होता. २०२२ च्या गणनेत तो सुमारे ३,६८२ झाला, त्यांपैकी महाराष्ट्रात ४४४.

धुळीतली अक्षरे

ज्याला वाचता येते त्याला अरण्यातला रस्ता हे रोजचे वर्तमानपत्र असते. नुकतीच मुळाक्षरे शिकलेल्या मुलाला ही उपमा फार आवडते. वाघ मऊ धुळीच्या वाटेवरून चालणे पसंत करतो. त्याच्या पावलाच्या ठशात एक मोठी गादी व चार बोटे उमटतात, नखे उमटत नाहीत. कारण मांजराप्रमाणे त्याची नखे चालताना आत ओढलेली असतात. रानकुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशात नखांचे टोक दिसते. आता मुलाला विचारावे : हा वाघ केव्हा गेला? सकाळी पुढे गेलेल्या गाडीच्या चाकाचा माग जर ठशाखाली असेल, तर वाघ गाडीनंतर गेला. चाकाने ठसा पुसला असेल, तर आधी गेला. सात वर्षांचे मूल हे अनुमान स्वतः काढू शकते. आणि ते काढल्यावर त्याच्या तोंडावर जे तेज येते, ते आयता दाखवलेला वाघ पाहून येणाऱ्या आनंदाहून कमी नसते.

वारुळाजवळ गाडी थांबली तर त्याला पडलेले भगदाड पाहावे. ते अस्वलाचे काम. अस्वल नखांनी वारूळ फोडते आणि नळीने ओढावे तशी वाळवी तोंडाने ओढून घेते. त्यासाठी निसर्गाने त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात दिलेलेच नाहीत. तेथे फट आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना हे चटकन पटते, कारण त्यांचेही पुढचे दात त्याच वेळी पडलेले असतात!

झाडांत कांडोळ दाखवावा. उन्हाळ्यात पाने झडली की त्याचे पांढरेफटक खोड चांदण्यात उभ्या माणसासारखे दिसते, म्हणून त्याला भुताचे झाड म्हणतात. पक्ष्यांत नीलपंख, सर्पगरुड आणि दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढणारा लांब शेपटीचा भृंगराज. तलावात मगर. आणि या सर्वांची मराठी नावे मुलांच्या तोंडी बसवावीत. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांचा कोश करून आपल्या भाषेत ही संपत्ती गोळा करून ठेवली आहे. २०२५ साली ते गेले. कोश आपल्यापाशी आहे. ज्या वस्तूचे नाव मुलाला ठाऊक, ती वस्तू त्याच्या ओळखीची होते.

त्या प्रश्नाचा परिणाम

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. "वाघ दिसला का?" हा प्रश्न परतल्यावर विचारला जाणार, हे जाणाऱ्याला आधीच ठाऊक असते. म्हणून वडील गाईडला दारातच सांगतात, "काही करा, पण मुलाला वाघ दाखवा. बक्षिसी देऊ." गाईडला फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात, त्याच्या घरखर्चात या बक्षिसीला मोल असते. चालकाचेही तेच. एका गाडीला वाघ दिसला की बाकीच्या गाड्या तिकडे धाव घेतात. पाहुण्यांचा आग्रह प्रत्येक गाडीत सारखाच असल्यामुळे कोणीही मागे राहावयास तयार नसतो.

याचा शेवट कशात होतो, हे आपण पाहिले आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि त्यांची वाट अडली. चित्रफीत सर्वत्र पसरली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली; गाईड व चालक यांच्यावर कारवाई झाली. कारवाई योग्यच होती. परंतु त्या गाड्यांत मागे जे बसले होते, त्यांच्या हट्टाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली व्याघ्र प्रकल्पांतील गाभा क्षेत्रात पर्यटन काही काळ थांबवले होते, आणि त्यानंतर पर्यटनासाठी नियमावली आली. प्राण्यापासून अंतर राखणे, त्याला न घेरणे, त्याला खाऊ न घालणे हे त्यात आहे. ताडोबात फेरीवर मोबाईल नेण्यास बंदी आहे. नियम आहेत, पण नियमाचा पहारेकरी गाडीत बसलेला पाहुणाच असावा लागतो.

पंढरीच्या वारकऱ्याला हे सांगण्याची गरज पडत नाही. आषाढीला लाखो माणसे जमतात. सर्वांना गाभाऱ्यात जाणे शक्य नसते. कित्येक जण कळसाचे दर्शन घेतात, नामदेवाच्या पायरीवर डोके टेकतात आणि वारी पोहोचली असे मानून तृप्त मनाने परततात. "विठोबा दिसला नाही, वारी फुकट गेली" असे म्हणणारा वारकरी आम्ही पाहिलेला नाही. अरण्यात ताजा ठसा दिसणे, सांबराची हाक ऐकणे, हे कळसदर्शनच आहे. देव आत आहे, ही खूण पटली, की पुरे.

म्हणून आमची सूचना अगदी व्यावहारिक आहे. बक्षिसी द्यावयाची तर अवश्य द्यावी, पण फेरी सुटण्यापूर्वीच, मुलांदेखत, गाईडला सांगावे : "वाघ दिसो न दिसो, बक्षिसी ठरलेली आहे. आमच्या मुलांना तुमचे जंगल समजावून सांगा. कोठे गर्दी झाली असेल, तर तेथे गाडी नेऊ नका." एवढ्या तीन वाक्यांनी त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरते आणि त्याच्यातला जाणकार मोकळा होतो. आणि मागे बसलेले मूल, वडिलांनी एखादी गोष्ट हवी असूनही सोडून दिली, हे पाहते. हा धडा पुस्तकात मिळत नाही.

कुरणाखालचे गाव

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. ताडोबात जामणी आणि नवेगाव या नावांची सुंदर कुरणे आहेत. चितळांचे कळप, रानगवे आणि त्यांच्या मागोमाग वाघही तेथे दिसतो. ही कुरणे पूर्वी गावे होती. तेथे घरे होती, चुली होत्या, मुले खेळत होती. वाघांना मोकळे रान मिळावे म्हणून ती गावे उठली आणि दुसरीकडे वसली. आपण ज्या गवताचे कौतुक करतो, त्याखाली कोणाचे तरी अंगण आहे.

जी गावे आजही अरण्याच्या कडेला आहेत, त्यांचा आणि वाघाचा संबंध तिकिटाचा नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला बायामाणसे पहाटे रानात जातात. वर्षाच्या मिळकतीचा तो महत्त्वाचा भाग. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपाने आणायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात, शहरांतली मुले वाघ पाहण्यासाठी आली असतील. एकाच प्राण्याचे दर्शन एका घराला सुट्टीची आठवण देते आणि दुसऱ्या घराची आई नेते. वाघ दुष्ट आहे म्हणून नव्हे. वाकून पाने तोडणारे माणूस आणि सावज यांतला भेद त्याला दरवेळी उमगतोच असे नाही.

हे सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगावे काय? सांगावे, त्याला पेलेल एवढेच आणि घाबरवण्यासाठी नव्हे. "येथल्या मुलांची आई जेथे कामाला जाते, तेथे वाघ राहतो. तरीही या लोकांनी वाघ राहू दिला आहे, म्हणून आपल्याला तो पाहायला मिळतो." एवढे पुरे. त्यानंतर ते मूल गाईडकाकांकडे पाहील तेव्हा वाघ दाखवणारा नोकर म्हणून पाहणार नाही.

त्याचप्रमाणे वाघाने चितळ मारलेले दिसले आणि मुलाने रडत विचारले, "त्याने असे का केले?" तर "वाईट वाघ" म्हणू नये आणि "जंगलाचा राजा" म्हणून टाळ्याही पिटू नयेत. त्यालाही पिले आहेत आणि त्याला गवत पचत नाही, हे सरळ सांगावे. चितळासाठी आलेले रडू मात्र थांबवू नये. ते रडू योग्यच आहे.

अभ्यास घरीच

शेवटी, ज्यांना यंदा कोठेच जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अरण्यात जी भाषा गाईड ऐकतो, ती भाषा आपल्या परसातही बोलली जाते. सकाळी खिडकीत मुलाला घेऊन बसा. सातभाई एकाएकी कलकलाट करू लागले, खार शेपटी उडवीत चिरचिरू लागली, कावळे एका झाडाभोवती जमले, तर मुलाला विचारा : खाली काय असेल? बहुतेक वेळा झुडपातून मांजर बाहेर येईल, कधी साप, कधी फांदीवर अंग चोरून बसलेले घुबड. चार-आठ दिवसांत मूल आवाजावरून मांजर ओळखू लागते. सांबराच्या हाकेवरून वाघ ओळखणे याहून निराळे नाही. अक्षरे तीच आहेत, मजकूर मोठा आहे. ज्या मुलाने परसातले हे मांजर ओळखले, ते ताडोबात गेले तर चार तास गप्प बसेल. कारण गप्प बसल्याने काहीतरी मिळते, हे त्याला ठाऊक झालेले असेल.

असे मूल परत आले म्हणजे शेजाऱ्यांनी, आजीने आणि शाळेतल्या बाईंनी प्रश्न थोडा बदलावा, एवढीच आमची विनंती. "वाघ दिसला का?" याऐवजी "काय काय ऐकलेस?" असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपते. दुसऱ्याचे उत्तर ऐकायला थोडी सवड काढून बसावे लागेल.